खोटे अँटिव्हायरस: ओळख आणि उच्चाटन

संगणकात विषाणू शिरल्याचा खोटा इशारा देऊन तो काढण्याच्या नावाखाली स्वतःच संगणकात ठाण मांडणारी, आणि एकदा आत आल्यावर जाहिराती दाखवत व पैसे मागत राहणारी सॉफ्टवेअर गेली दोन दशके जगभर पसरलेली आहेत. वापरकर्त्याच्या इच्छेविरुद्ध जाहिराती दाखवण्यासाठी बनवलेल्या सॉफ्टवेअरला ॲडवेअर म्हणतात आणि भीती घालून विकल्या जाणाऱ्या निरुपयोगी सॉफ्टवेअरला स्केअरवेअर. परंतु व्यवहारात हे दोन्ही गुण बहुधा एकाच ठिकाणी नांदतात, म्हणून येथे दोहोंचा विचार एकत्रच केला आहे. खऱ्या विषाणूला संगणकात शिरण्यासाठी बहुधा एखादी तांत्रिक फट शोधावी लागते, तर या सॉफ्टवेअरला दार उघडून देतो तो संगणकाचा मालकच, कारण आपण संरक्षणाचाच बंदोबस्त करीत आहोत अशी त्याची समजूत करून दिलेली असते. त्यामुळे आपल्या संगणकाचे रक्षण आज नेमके कोणते सॉफ्टवेअर करीत आहे, त्याचे नाव काय, चिन्ह कसे दिसते आणि ते सूचना कोठे व कशी देते, एवढे ज्याला ठाऊक आहे त्याला तोतया ओळखणे अवघड जात नाही. ज्याला ते ठाऊक नाही त्याला प्रत्येक लाल खिडकी खरीच वाटते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात, म्हणजे पांढुर्णा आणि सौंसर या मराठीभाषक पट्ट्यात, या प्रश्नाला दोन स्थानिक पदर आहेत. घरात मराठी, तहसील कार्यालयात हिंदी आणि संगणकाच्या पडद्यावर इंग्रजी अशा तीन भाषांतून येथील माणसाचा दिवस जातो. साहजिकच पडद्यावर आलेला इंग्रजी इशारा शब्दशः वाचला जाण्याऐवजी त्याचा लाल रंग आणि भोंग्याचा आवाज पाहून-ऐकूनच घबराट उडते, आणि इशाऱ्यातील क्रमांकावर फोन लावला की पलीकडून सफाईदार हिंदीत बोलणारा माणूस त्या घबराटीचा ताबा घेतो. दुसरे असे की येथे संगणक पुष्कळदा एकट्याचा नसतो. समग्र आयडीतील दुरुस्ती, खसरा-खतौनीची नक्कल, पीएम किसानची ई-केवायसी, परीक्षेचा फॉर्म अशी कामे संत्र्याच्या बागायतदारापासून महाविद्यालयीन मुलीपर्यंत सारेजण एमपी ऑनलाइनच्या कियोस्कवर किंवा कॉमन सर्व्हिस सेंटरवर एकाच यंत्रावरून करून घेतात, आणि असे यंत्र बाधित झाले तर ज्याने चुकीचे बटण दाबलेच नाही त्याचीही कागदपत्रे धोक्यात येतात.

हे सॉफ्टवेअर येते कोठून, हे कियोस्कच्याच उदाहरणावरून स्पष्ट करता येईल. बोटाचे ठसे घेणारे यंत्र, ज्याला सर्रास अंगठ्याचे यंत्र म्हणतात, नव्या संगणकाला जोडताना त्याचा ड्रायव्हर, म्हणजे यंत्र आणि संगणक यांच्यात संवाद घडवणारे छोटे सॉफ्टवेअर, लागतो. तो शोधण्यासाठी यंत्राचे नाव गूगलवर टाकले असता वरच्या बाजूस काही वेळा प्रायोजित, म्हणजे पैसे देऊन लावलेले दुवे येतात, आणि त्यांतील एखाद्या परक्या संकेतस्थळावर ‘डाउनलोड’ असे लिहिलेली तीन-चार हिरवी बटणे असतात, ज्यांपैकी खरे एखादेच असते किंवा एकही नसते. चुकीचे बटण दाबल्यावर उतरणारी फाइल ड्रायव्हर बसवते असे भासवून सोबत ‘संगणक वेगवान करणारे’ किंवा ‘ड्रायव्हर अद्ययावत ठेवणारे’ एक सॉफ्टवेअरही बसवते, आणि त्याला संमती देणारी टिचकीची खूण आधीच लावून ठेवलेली असते. सीपीसीटी परीक्षेच्या तयारीसाठी हिंदी टायपिंगचे सॉफ्टवेअर शोधणाऱ्या विद्यार्थ्याची आणि कृतिदेव फाँट शोधणाऱ्या टंकलेखकाची वाटही याच बाजारातून जाते. विकतचे सॉफ्टवेअर फुकट चालवून देणारे ‘क्रॅक’ हा तर याहून सरळ रस्ता आहे, कारण त्यासोबत येणाऱ्या सूचनेतच अँटिव्हायरस बंद करण्यास सांगितलेले असते आणि वापरणारा ते निमूटपणे करतो.

आणखी एक मार्ग आहे, ज्यात संगणकात काहीही बसवले जात नाही. चित्रपट किंवा क्रिकेटचा सामना फुकट दाखवणाऱ्या संकेतस्थळावर ‘आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा’ अशी सूचना येते. हे ‘अलाउ’ प्रत्यक्षात त्या संकेतस्थळाला सूचना पाठवण्याची परवानगी देत असते, आणि ते दाबल्यानंतर ब्राउझर उघडा असो वा पार्श्वभूमीत चालू असो, पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात मॅकॅफी किंवा नॉर्टन यांच्या नावाने ‘तुमची मुदत संपली’, ‘तीन विषाणू सापडले’ असे चौकोन उमटू लागतात. असा चौकोन दिसताच न दाबता त्याचे नीट निरीक्षण करावे. मोठ्या अक्षरांतील कंपनीच्या नावापासून दूर, बारीक आणि फिकट अक्षरांत ब्राउझरचे नाव व संकेतस्थळाचा पत्ता दिलेला असतो, आणि तो पत्ता बहुधा अक्षरांचा निरर्थक गुंता असतो. मोठी अक्षरे पाठवणाऱ्याने लिहिलेली असतात, बारीक ओळ मात्र ब्राउझर स्वतः लिहितो. तेथे पाठवणाऱ्याला लबाडी करता येत नाही.

या व्यवसायाचा इतिहास थोडक्यात पाहणे उपयोगाचे आहे, कारण त्यातून त्याची रीत कळते. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकहित पाहणाऱ्या तेथील संघराज्य आयोगाने, ‘इनोव्हेटिव्ह मार्केटिंग’ या कंपनीविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. विनफिक्सर, ड्राइव्ह क्लीनर, एक्सपी अँटिव्हायरस अशा नावांची सॉफ्टवेअर खोटी तपासणी दाखवून दहा लाखांहून अधिक लोकांना विकल्याचा तो आरोप होता, आणि जाहिरात संस्थांना एक सभ्य जाहिरात दाखवून सामान्य वाचकाला मात्र खोट्या तपासणीच्या पानावर नेण्याची युक्ती त्यात वापरली गेल्याचे आयोगाचे म्हणणे होते. म्हणजे प्रतिष्ठित संकेतस्थळ वाचणारा माणूसही त्यातून सुटत नव्हता. २०१२ मध्ये या प्रकरणात १६ कोटी डॉलरहून अधिक रकमेचा निकाल लागला, तरी रीत संपली नाही. २०१९ मध्ये ऑफिस डेपो ही दुकानांची साखळी आणि तिचा तांत्रिक पुरवठादार यांनी मिळून ३.५ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले, कारण ग्राहकाने प्रश्नावलीत ‘संगणक मंद चालतो’ अशासारख्या एखाद्या चौकोनावर खूण केली की यंत्रात काही असो वा नसो, दोष सापडल्याचा अहवाल देणारी तपासणी त्या दुकानांतून केली जात होती, असा आरोप होता. मार्च २०२४ मध्ये रेस्टोरो आणि रीइमेज या सॉफ्टवेअरच्या कंपन्यांनी अशाच आरोपांवरून २.६ कोटी डॉलर देण्याची तयारी दाखवली. भारतात ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’ अंतर्गत ७६ ठिकाणी झडती घेतली, आणि त्यातील काही गुन्हे मायक्रोसॉफ्ट व ॲमेझॉन यांच्या तक्रारींवरून नोंदवलेले होते, ज्यांत या कंपन्यांच्या तांत्रिक मदतनीसाचे सोंग घेऊन परदेशी नागरिकांना फसवणाऱ्या कॉल सेंटरांचा समावेश होता. खोट्या तपासणीचा अहवाल आणि त्यावरचा फोन क्रमांक हे एकाच धंद्याचे दोन टप्पे आहेत, हे यावरून ध्यानात येते.

आता खऱ्या रक्षकाविषयी. विंडोज ८ पासून पुढच्या प्रत्येक विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर हा अँटिव्हायरस मुळातच असतो, त्यासाठी पैसे लागत नाहीत आणि त्याची मुदत विकत घेण्याचा प्रश्न येत नाही. विंडोज १० किंवा ११ मध्ये स्टार्ट मेन्यूत ‘विंडोज सिक्युरिटी’ असे टाइप केल्यावर ढालीचे चिन्ह असलेली जी खिडकी उघडते, तिच्यातील ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’ या भागात सध्या पहारा कोणाचा आहे ते नावासह लिहिलेले असते. विकतचा अँटिव्हायरस घेतला असेल, उदाहरणार्थ १९९० च्या दशकात कैलास आणि संजय काटकर या बंधूंनी पुण्यात उभा केलेला क्विक हील, तर तेथे त्याचे नाव दिसते व डिफेंडर बाजूला होतो. ज्या सॉफ्टवेअरचे नाव या खिडकीत नाही आणि जे आपण जाणूनबुजून घेतलेले नाही, त्याने दिलेल्या धोक्याच्या सूचनेला किंमत देण्याचे कारण नाही. प्रत्येक घरातील आणि कियोस्कवरील वापरकर्त्याने ही खिडकी शांत वेळी एकदा उघडून पाहावी. इशारा पडद्यावर आल्यानंतर ती शोधण्याइतके चित्त स्थिर राहत नाही.

खोट्या इशाऱ्याच्या इतर खुणांत सर्वांत निर्णायक खूण फोन क्रमांकाची आहे: मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनांत फोन क्रमांक कधीही नसतो, आणि कंपनी आपण होऊन फोनही करीत नाही. संपूर्ण संगणकाची खरी तपासणी बराच वेळ घेते, तर ब्राउझरमधील पान दहा-पंधरा सेकंदांत शेकडो विषाणू मोजून दाखवते. आणि संकेतस्थळाच्या पानाला संगणकातील फाइली अशा चाळता येतच नाहीत, त्यामुळे ती मोजणी म्हणजे आधी बनवलेले हलते चित्र असते. उलटी चालणारी घड्याळे, ‘संगणक बंद केल्यास माहिती नष्ट होईल’ ही धमकी, बंद करण्याची फुली न सापडणे किंवा फुली दाबल्यावर नवी खिडकी उघडणे ही लक्षणेही ठळक आहेत. तपासणी फुकट आणि सफाईला पैसे, ही रचना मात्र काही खऱ्या कंपन्याही वापरतात, म्हणून केवळ तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. विंडोजच्या ज्या आवृत्तीत भाषा बदलता येते तेथे ती मराठी किंवा हिंदी करून घेतल्यास एक वेगळाच लाभ होतो: संगणकाच्या स्वतःच्या सूचना मोठ्या प्रमाणावर त्या भाषेत येऊ लागतात आणि मध्येच आलेला इंग्रजी थयथयाट परका म्हणून उठून दिसतो.

इशारा पडदाभर पसरून राहिला असेल तर त्यातील कोणतेही बटण, ‘कॅन्सल’ सुद्धा, दाबू नये, कारण त्या बटणावर काय लिहिले आहे आणि ते काय करते यांचा संबंध असेलच असे नाही. प्रथम एस्केप कळ काही क्षण दाबून धरावी किंवा एफ ११ दाबावी, म्हणजे पूर्ण पडदा व्यापलेले पान लहान होते. न झाल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा, यादीतून ब्राउझर निवडावा आणि ‘एंड टास्क’ करावे. ब्राउझर पुन्हा उघडल्यावर तो जुनी पाने परत आणण्याविषयी विचारतो, तेथे नकार द्यावा. पुष्कळदा प्रकरण एवढ्यावरच मिटते, कारण तो इशारा म्हणजे नुसते एक पान होते.

कोपऱ्यातील चौकोन येतच राहिले तर क्रोममध्ये सेटिंग्ज, तेथून ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, तेथून ‘साइट सेटिंग्ज’ आणि ‘नोटिफिकेशन्स’ असे जाऊन परवानगी मिळालेल्या संकेतस्थळांची यादी पाहावी व अनोळखी नावे काढून टाकावीत. त्यानंतर ‘एक्स्टेन्शन्स’, म्हणजे ब्राउझरला जोडलेली छोटी पूरक सॉफ्टवेअर, तपासावीत. एखादे एक्स्टेन्शन काढता येत नसेल आणि घरगुती संगणकावरही ‘हा ब्राउझर तुमच्या संस्थेकडून नियंत्रित आहे’ असे लिहिलेले दिसत असेल, तर कोणत्या तरी सॉफ्टवेअरने खोटे धोरण लादून ब्राउझरचा ताबा घेतल्याची शंका घ्यावी. काही खरी अँटिव्हायरस सॉफ्टवेअरही असे धोरण लावतात, एवढे ध्यानात ठेवावे.

संगणकात प्रत्यक्ष बसलेल्या सॉफ्टवेअरसाठी विंडोजच्या सेटिंग्जमधील ‘ॲप्स’ची यादी उघडून ती बसवण्याच्या तारखेनुसार लावावी. त्रास ज्या दिवशी सुरू झाला त्या दिवसाच्या आसपास आलेली नावे एकत्र दिसतात, आणि बहुधा एकाऐवजी दोन-तीन पाहुणे सापडतात. काढण्याची प्रक्रिया सुरू केल्यावर हे सॉफ्टवेअर शेवटचा प्रयत्न म्हणून ‘संरक्षण काढल्यास संगणक धोक्यात येईल’ असे बजावते आणि ‘ठेवा’ हे बटण मोठे व रंगीत, तर ‘काढा’ हे शब्द फिकट अक्षरांत कोपऱ्यात ठेवते. येथे घाई केल्यास ते टिकून राहते. ते काढूच देत नसेल तर शिफ्ट कळ दाबून ठेवून ‘रीस्टार्ट’ निवडावे आणि ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज या क्रमाने जाऊन, संगणक पुन्हा सुरू होताना ४ अंक दाबावा. त्यामुळे संगणक सेफ मोडमध्ये, म्हणजे अत्यावश्यक भागांपुरताच चालू होतो, बाहेरून आलेली बहुतेक सॉफ्टवेअर आपोआप सुरू होत नाहीत आणि ती काढता येतात.

यानंतर डिफेंडरची पूर्ण तपासणी करावी, आणि शंका उरल्यास ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन’ ही तपासणी निवडावी, ज्यात विंडोज सुरू होण्यापूर्वीच तपासणी होत असल्याने लपून बसलेल्याला आडोसा राहत नाही. ॲडवेअरसाठी मालवेअरबाइट्स कंपनीचे ‘ॲडवक्लीनर’ हे विनामूल्य साधन चांगले आहे, मात्र ते त्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावे, कारण सफाईच्या साधनाचीच खोटी प्रत उतरवून घेण्याचा धोका येथे खरा आहे. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही मोफत साधने मिळतात, आणि ती पुरेशी प्रसिद्ध नाहीत ही खेदाची गोष्ट आहे. सफाईनंतर दोन ठिकाणे आवर्जून पाहावीत, जी दुरुस्ती करणारेही विसरतात. एक, डिफेंडरच्या ‘एक्सक्लूजन्स’ या यादीत, म्हणजे तपासणीतून वगळलेल्या जागांत, कोणी एखादा फोल्डर घालून ठेवलेला नाही ना. आणि दोन, खोटा पहारेकरी निघून गेल्यावर खरा पुन्हा कामावर आला आहे ना, म्हणजे ‘रिअल-टाइम प्रोटेक्शन’ चालू आहे ना. त्याच खिडकीतील ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’ या भागात ‘नको असलेली सॉफ्टवेअर रोखा’ अशा अर्थाचा पर्याय असतो, तोही चालू करावा.

मोबाइलवर हाच प्रकार ॲपच्या रूपाने येतो. २०१४ मध्ये गूगल प्लेवर ‘व्हायरस शील्ड’ नावाचे ॲप सुमारे चार डॉलरला विकले जात होते आणि विक्रीच्या यादीत वर पोहोचले होते. ते प्रत्यक्षात आपले चिन्ह बदलण्यापलीकडे काहीही करीत नव्हते. ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या तपासणी संस्थेने २०१९ मध्ये अँड्रॉइडची २५० सुरक्षा ॲप तपासली, तेव्हा त्यांपैकी अवघी ८० घातक ॲपच्या नमुन्यांतील ३० टक्क्यांहून अधिक ओळखू शकली. गूगल प्ले प्रोटेक्ट ही तपासणी फोनमध्ये असतेच. तिच्याशिवाय दुसरे काही सामान्य वापरकर्त्याला सहसा लागत नाही. जाहिराती उगाच झळकत असतील तर सेटिंग्जमध्ये ‘इतर ॲपच्या वर दिसण्याची’ परवानगी कोणाकोणाला आहे ते पाहावे आणि अनोळखी ॲप काढावे. ते निघत नसेल तर ‘डिव्हाइस ॲडमिन’ या यादीतून आधी त्याचा अधिकार काढून घ्यावा.

पैसे दिले गेले असतील किंवा फोनवरील माणसाच्या सांगण्यावरून एनीडेस्कसारखे, दुरून संगणक चालवू देणारे सॉफ्टवेअर घेतले गेले असेल, तर सफाईपूर्वी इंटरनेटची जोडणी तोडावी आणि १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करावा. रक्कम ज्या खात्यात गेली तेथून ती पुढे हलवली जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावरही नोंदवता येते. सोबतच बँकेला कळवणे आवश्यक आहे, कारण रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे, उदाहरणार्थ गुप्त क्रमांक सांगितल्यामुळे, झालेले नुकसान बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाच्या माथी असते आणि कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेच्या. इशाऱ्याचे मोबाइलने काढलेले छायाचित्र, फोन आलेला क्रमांक आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक जपून ठेवावा. संगणकाच्या साह्याने तोतयेगिरी करून फसवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाचा गुन्हा आहे, त्यामुळे लाजेपोटी गप्प बसण्याचे काही कारण नाही. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून. बाधित संगणकावर बसून बदललेला पासवर्ड चोराच्या हाती जाऊ शकतो.

जुन्या यंत्रांचा प्रश्न वेगळा आहे. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आधार संपलेल्या यंत्रावर बँकेचे किंवा अंगठ्याच्या यंत्राचे काम चालवणे योग्य नाही. कियोस्कचालकाने रोजच्या कामासाठी संगणकावर ‘स्टँडर्ड’ प्रकारचे वेगळे खाते उघडावे, ज्यातून ॲडमिनचा पासवर्ड दिल्याशिवाय बहुतेक सॉफ्टवेअर बसत नाहीत, आणि तो पासवर्ड मदतीला येणाऱ्या मुलांना देऊ नये. कियोस्कच्या डेस्कटॉपवर ग्राहकांच्या आधार कार्डांच्या, बँक पासबुकांच्या स्कॅन केलेल्या प्रती साठलेल्या असतात. काम झाल्यावर त्या त्याच दिवशी पुसाव्यात. दुरून कोणी अशा संगणकात शिरले होते असे आढळल्यास चालकाने आपल्या पोर्टलचा पासवर्ड बदलून संबंधित संस्थेला कळवावे, आणि ज्यांची कागदपत्रे त्या वेळी यंत्रात होती त्या गिऱ्हाइकांनाही ते सांगावे, म्हणजे त्यांना बँकेतील नोंदी तपासता येतील आणि आधारच्या संकेतस्थळावरून किंवा ॲपमधून आपले बायोमेट्रिक लॉक करून घेता येईल.